दुसऱ्या खिडकीवरची मनीऑर्डर

आमच्या बेटावर, सें पिएरला, जुलैत पाऊस पडतो म्हणजे काय, नुसता भुरभुरत राहतो. धड भिजवतही नाही आणि सोडतही नाही. अठ्ठ्याहत्तर सालच्या अशाच एका दुपारी शाळा सुटल्यावर मी छातीशी एक मासिक घट्ट धरून पोस्टात शिरले. केसांतून पाणी गळत होतं, आणि काम तर काहीच नव्हतं.

"मामझेल, तिकीट पाहिजे की छप्पर?" खिडकीमागून कुणीतरी क्रेओलमध्ये विचारलं.

"छप्पर. त्याचे किती होतात?"

"पाच मिनिटं फुकट. पुढं बसायचं तर बोलावं लागतं."

तो जयदेव. माझ्या हातातलं मासिक मराठी आहे हे कळल्यावर तो एकदम मराठीत बोलायला लागला. माझी मराठी शाळेतली, मी तिथे तीच शिकवायची. त्याची चुलीपाशी शिकलेली, बोलायचा झकास, पण मराठी अक्षर एकही वाचता येत नव्हतं. "आमच्या घरात बोललं जातं, लिहिलं जात नाय," म्हणाला. हसला की डोळे बारीक करायचा. मी छताकडे बघत होते, म्हणजे तसं दाखवत होते...

त्या दिवसापासून माझ्या गावाला, बों अक्योयला, जाणारी माझी चारची बस रोज चुकू लागली. बसचा काही दोष नव्हता.

महिनाभराने त्याच मासिकात मला ती जाहिरात दिसली. 'अस्सल जरीचा लग्नाचा शालू, घरपोच.' किंमत बाजारातल्या तिसऱ्या हिश्शाइतकी. माझ्या ताईचं, हिराचं, लग्न ऑक्टोबरात ठरलं होतं. मी बाबांना सांगून टाकलं, साडीचे पैसे जेवणाला लावा, ताईचा शालू मी आणणार, थेट हिंदुस्थानातून. एवढ्यावर थांबले असते तर मी कसली! गणपतीच्या तयारीच्या बैठकीत सगळ्या बायकांसमोरही सांगून आले. सहा महिन्यांच्या पगारातली शिल्लक पर्समध्ये घालून मी जयदेवच्या खिडकीवर गेले.

"वाचून दाखवा," तो म्हणाला. मी वाचलं. अगदी वर्गात वाचते तसं, चढ-उतारांसकट.

"दुकान कुठल्या गल्लीत हाय?"

"गल्ली नाही लिहिलेली. पोस्टाच्या पेटीचा नंबर आहे."

"म्हणजे दार नाय. साडी खराब निघाली तर परत घेणार?"

"त्याबद्दल... काही नाही."

"पैसे?"

"सगळे आधी. याच महिन्यात पाठवले तर हा भाव."

त्याने पेन खाली ठेवलं. "दार नाय, परत घ्यायचं नाव नाय, भाव असा आणि घाई अशी. चंद्रावती, आधी नुसतं एक पत्र टाका. गल्लीचं नाव विचारा, पदराचा बोटभर तुकडा मागा. खरा दुकानदार असेल तर पाठवील. खोट्याला पैशाचीच घाई."

मला इतका राग आला! "ही मराठी आहे," मी म्हटलं. "आपल्या माणसांनी छापलेली. आपली माणसं आपल्याला फसवतील?"

"लबाडाला पण आईनं कुठली तरी भाषा शिकवली असंलच ना," तो हळूच म्हणाला.

"ज्याला वाचता येत नाही त्याने मला शिकवू नये."

शब्द तोंडातून निघाला आणि मला तिथेच लाज वाटली. पण मी तेव्हा नाकावर राग घेऊन फिरणारी. माफी मागायची सोडून तडक बस धरली, दुसऱ्या गावी, क्वात्र बॉर्नच्या पोस्टात गेले आणि तिथून मनीऑर्डर केली. सें पिएरच्या खिडकीकडे पुन्हा फिरकले नाही. चारच्या बसमध्ये मी सगळ्यांत आधी चढून बसायची, आणि पोस्ट आलं की दुसरीकडे बघायची.

सप्टेंबरच्या शेवटी पार्सलाची चिठ्ठी आली. पत्ता शाळेचा, म्हणून पार्सल सें पिएरलाच. परदेशी पार्सल कारकुनासमोर उघडायचा नियम, त्यामुळे सुटका नव्हती. मी मान ताठ करून गेले. जयदेवने सुतळी कापली.

वर चमकदार काठ होता. मी त्याच्याकडे असं पाहिलं, जशी काही लढाई जिंकले... मग घडी उलगडली. हातभर काठ वरून टाचलेला, आणि आत गोणपाट. नुसतं गोणपाट.

माझ्या मागे दहा-बारा माणसं रांगेत होती. त्यांतली निम्मी बों अक्योयची, शालूची बढाई ऐकलेली. तेवढ्यात जयदेवने खिडकीची लाकडी फळी खाली ओढली, बाजूचं दार उघडून मला आत घेतलं आणि खुर्ची पुढे केली. बाहेर कुणी मावशी फळीवर ठकठक करायला लागली.

"दहा मिनिटं, तांतीन," तो आतूनच म्हणाला. "शिक्का बिघडलाय."

मी पोटभर रडले. तो पाठ करून उभा होता, पाकिटं उगाच इकडची तिकडे लावत. ते गोणपाट त्याने गुंडाळून आपल्या टेबलाखाली टाकलं.

घरी जाऊन ताईला सांगणं सगळ्यांत अवघड होतं. लग्न तीन आठवड्यांवर आलेलं, पैसे संपलेले. ताईने उठून कपाट उघडलं. मग म्हणाली, "आईची हिरवी नऊवारी आहे. तीच नेसते." आणि कपाट लावता लावता, "पार्सल उघडलं तेव्हा तू एकटी होतीस?"

"नाही. पोस्टातला जयदेव होता."

ताई माझ्याकडे बघतच राहिली. दुसऱ्या दिवशी सें पिएरच्या पोस्टात लग्नाची पत्रिका गेली. मी नाही नेली, तिने नेली.

लग्न शनिवारी झालं. हिरव्या नऊवारीत ताई इतकी सुंदर दिसत होती की मला पुन्हा रडू आलं. जयदेव बाह्या दुमडून केळीच्या पानांवर भात वाढत होता. पंगत उठल्यावर मी त्याला मांडवामागे गाठलं.

"तुम्ही अजून एकदाही म्हणाला नाहीत... 'मी सांगितलं होतं ना' असं."

"तसं म्हणून काय होणार?"

"मी चिडेन. मग मला बरं वाटेल."

त्याने हातातला डाव बाजूला ठेवला. "साडीचं मला नाय लागलं," तो म्हणाला. "तुझे पैसे गेले त्याचं वाईट वाटलं, पण लागलं नाय. तू दुसऱ्या खिडकीवर गेलीस — ते लागलं. रोज चार वाजले की मी दाराकडे बघायचो."

पहिल्यांदाच 'तू' म्हणाला. मला कानापर्यंत ऊन लागल्यासारखं झालं.

"तिथल्या माणसाने मला काहीच विचारलं नाही," मी म्हणाले. "शिक्का मारला, पावती दिली, पुढचा या म्हणाला. तेव्हाच मला तुमची इतकी आठवण आली... पण परत यायचं तोंड नव्हतं."

"उद्या येशील?"

"उद्या रविवार. पोस्ट बंद."

"मग मी येतो," जयदेव म्हणाला. "तुझ्या बाबांना भेटायला."

मांडवातून कुणीतरी मला हाका मारत होतं. मी जागची हलले नाही.

"सकाळी या," मी म्हणाले. "दुपारी बाबा झोपतात."