बोकडाला तिल्ली एकच

"एवढी एकच होती, ताई. ती या भाऊंनी घेतली," सहादूभाऊ सुरी पुसत म्हणाले आणि माझं डोकंच फिरलं.

डिसेंबरातली थंडी, सातपूरचं मटणाचं दुकान, रविवारची सकाळ. तीन वर्षांच्या ओमला शालीत गुंडाळून मी अर्धा तास रांगेत उभी! ओमच्या अंगात रक्त कमी आहे असं डॉक्टर म्हणाले होते. शेजारच्या कलाबाईंनी त्यात भर घातली, "औषध चालू दे, पण तिल्लीही भाजून दे. स्वस्त मिळते." आणि ती तिल्ली हा माणूस वर्तमानपत्रात गुंडाळून निघाला होता. पिशवीत मुंडी, वजडी, कलेजीचे तुकडे... चांगल्या मटणाचं नाव नाही.

"एकट्या माणसाला एवढं कशाला लागतं हो?"

"एकटा आहे हे कुणी सांगितलं?" तो हसला. "रविवारी माझ्या परसात शिफ्टवरचे दहा जण जेवतात."

"दहा जणांत एक तिल्ली कशी वाटता?"

"वाटत नाही. मीच खातो, गुपचूप."

मग त्याची नजर ओमच्या पांढुरक्या ओठांवर गेली. हसू थांबलं. त्याने पुडी पुढे केली.

"मला उपकार नकोत."

"तुम्हाला कोण देतंय? याला देतोय. फक्त निखाऱ्यावर भाजा, हां. कुकरला लावू नका."

मी कुकरला लावली. तीन शिट्ट्या. चपलेच्या तळासारखं काहीतरी निघालं आणि ओमने ते माझ्याच साडीवर थुंकलं.

पुढच्या रविवारी मी त्याला दुकानातच गाठलं. "निखारे कुठून आणायचे, तेही सांगायचं होतं ना! माझ्याकडे गॅस आहे."

"लावलीत कुकरला?"

"...तीन शिट्ट्या."

तो एवढा हसला की रांगेतली माणसं वळून बघायला लागली. "मग या आमच्या परसात. कोळसे माझे, राग तुमचा. फुंकणी लागायची नाही!"

गेले. कलाबाईंना सोबत घेऊन गेले, लोकांची तोंडं बंद राहावीत म्हणून. त्याचं नाव शेखर, कारखान्यात वेल्डर. अर्धा कापलेला लोखंडी ड्रम, वर जाळी, सायकलच्या घासून चकचकीत केलेल्या तारांवर ओवलेले तुकडे, आलं-लसूण-मिरचीचं वाटण. चरबीचा थेंब निखाऱ्यावर पडला की चर्र... आणि असा वास, की ओमने आपणहून तोंड उघडलं. शेखर प्रत्येक तुकडा आधी मनगटाला लावून बघायचा, मगच ओमला द्यायचा. आणि वारा फिरला की माझं स्टूल धुराच्या दुसऱ्या बाजूला ठेवायचा.

सहा रविवार झाले. सोमवारी गंगापूर रोडच्या ऑफिसात टाइप करताना माझ्या केसांना धुराचा वास यायचा... आणि मी ते धुवत नव्हते! संताप आला स्वतःचा. ओमचे बाबा जाऊन दोन वर्षं झालेली, मी बी.कॉम. झालेली, एका मुलाची आई — आणि वजडीवाल्यासाठी केस धुवत नाही?

सातव्या रविवारी सटाण्याहून शेखरच्या आई आल्या, नवसाबाई. बरोबर लेकीचा मुलगा भारत. रस्सा त्यांनी केला, वाढायलाही त्याच. नळी त्यांनी भारतच्या ताटात ठेवली. ओमने हात पुढे केला.

"नळी घरना पोऱ्याले," त्या म्हणाल्या. "लोकस्ना पोऱ्याले रस्सा पुरे."

ओमचा हात तसाच राहिला. आणि शेखर? जाळीवरच्या तारा फिरवत होता. ऐकलं होतं त्याने. कान लाल झाले होते. पण बोलला नाही!

मी ओमला उचललं आणि चालू लागले. तो फाटकापाशी धावत आला.

"योगिनी... आई जुन्या वळणाची आहे हो. मनाला लावून घेऊ नका."

"मला काय म्हणायचं ते म्हणू दे त्यांना. मी मोठी आहे. हा हात पुढे करून बसला होता, शेखर! सहा रविवार तुम्ही याला भरवलंत. आज तुम्हाला जीभ नव्हती?"

त्याने माझ्या कडेवरून ओमला अलगद घेतलं आणि परसात परत गेला. दहा जणांसमोर, भारतसमोर, आईच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला.

"माय, हाऊ लोकस्ना नही. हाऊ मना पोऱ्या शे."

नवसाबाईंनी ओमकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग पातेल्यात डाव घालून त्या बराच वेळ काहीतरी शोधत राहिल्या. दुसरी नळी सापडली. ती ताटावर ठोकून त्यांनी आतला मऊ गर बोटावर काढला आणि ओमच्या तोंडाशी नेला.

मला रडू येत होतं, आणि त्याचाही रागच आला.

"आणि माझं काय?" मी म्हणाले. "मुलगा परस्पर तुमचा झाला. मला कुणी विचारलं?"

"विचारणार होतो..." तो चाचरला. "पण दर रविवारी तुम्ही कशावर तरी चिडलेल्या असता."

"आज तरी कुठे शांत आहे? विचारा!"

"माझ्याशी... लग्न कराल?"

त्याच्या खांद्यामागे, भिंतीला टेकून त्याची मोटारसायकल उभी होती. ओमचे बाबा तशाच गाडीवरून त्र्यंबक रोडला गेले होते आणि घरी आले नव्हते.

"हळू चालवाल?"

त्याने मागे वळून गाडीकडे पाहिलं. काय ते त्याला कळलं.

"हळू चालवीन. रोज."

"मग हो," मी म्हणाले. आवाज अजून चढलेलाच होता.