वावटळ कुणाच्या वाट्याला

“खोटं माझा नवरा बोलतोय की बाबांचे मित्र, एवढंच शोधून द्या,” सिस्टर म्हणाली. “बाकी काही नको. बाबा तर गेलेच.”

दवाखान्याच्या गणवेशातच आली होती. समोरचा चहा निवत होता.

वहिनींनी चष्मा लावला. तीस वर्षं विमा कंपनीत त्यांनी लोकांचे दावे तपासले. निवृत्त झाल्या आणि घरबसल्या तोच धंदा सुरू केला. थोरला भाऊ, म्हणजे वहिनींचे यजमान, गेल्यापासून भाऊजी त्यांच्याबरोबर हिंडत. कामाचे कागद सांभाळायला, असं भाऊजी सांगत. घरात बसून गंज चढू नये म्हणून, असं वहिनी सांगत.

“सुरुवातीपासून सांगा,” वहिनी म्हणाल्या.

सिस्टरचे वडील म्हणजे मास्तर. शाळेत खेळाचे शिक्षक, तरुणपणी क्लबच्या हॉकी संघाचे कप्तान. दोन महिन्यांपूर्वी हृदयविकाराचा झटका आला, तेव्हापासून अंथरुणाला खिळलेले. आठ दिवसांपूर्वी, रविवारी, सिस्टर ड्युटीवर होती. नवरा नकाशे काढतो, तो माडीवर कामात. आणि मास्तर खाली खाटेवर, उशाशी जुना टेलिफोन घेऊन, क्लबातल्या वाटणीत.

“वाटणी? जमिनीची?” भाऊजींनी विचारलं.

“माणसांची. चार म्हातारे वर्षातून एकदा जमतात. जुन्या काळातले जेवढे मोठे हॉकीपटू, त्यांतून पाळीपाळीने एकेक नाव उचलायचं. एकाने उचललं की ते इतरांना बंद. प्रत्येकी सहा जणांचा संघ. मग कुणाचा संघ कुणाला हरवेल, यावर वर्षभर भांडायचं.”

“म्हणजे मेलेल्यांचे सामने!”

“बाबा म्हणायचे, तेवढेच न दुखता खेळता येतात.” तिने कप बाजूला सारला. “यंदा बाबा फोनवरून खेळले. दोन वाजता, सव्वातीनला आणि साडेचारला क्लबातून फोन आला आणि दर वेळी बाबांनी दोन नावं दिली, असं मित्र सांगतात. नवरा म्हणतो, साडेचारला ते बोलताना मी ऐकलं. मी साडेसहाला पोचले. हात गार होते. जबडा आखडलेला, मान ताठरलेली. बावीस वर्षं मी हे बघतेय, बाई. साडेचारला बोलणारा माणूस साडेसहाला इतका ताठरलेला नसतो.”

“डॉक्टर?”

“हृदय थांबलं, असं लिहिलं. ते खरंच असेल. वेळ कुणी विचारलीच नाही.” तिने ओठ चावला. “नवऱ्याला सोमवारी नकाशे द्यायचे होते. मला वाटतं, त्याला कळलं होतं. फोन आला की बाबांच्या वहीतली नावं वाचून दाखवली असतील आणि वर जाऊन काम पुरं केलं असेल. आठ दिवस मी त्याच्याशी बोललेली नाही. आता सांगा, मी त्या घरात राहायचं की नाही?”

तिने वही पुढे केली. नावांची लांब यादी होती, सगळी टोपणनावं. पहिलं नाव ‘वावटळ’, त्यावर आडवी रेघ. मग ‘भिंत’, ‘इंजिन’. त्याखाली दोन ओळींच्या मध्ये दाटीने लिहिलेलं ‘ढोलक्या’. मग ‘सुतार’, ‘टाचणी’ आणि पुढे.

“हीच यादी आठवडाभर आधी त्यांनी क्लबात पाकिटात दिली होती. ही खाडाखोड मात्र रविवारी सकाळची. मी रक्तदाब बघत होते आणि हे आपले पेन चालवत हसत होते. म्हणाले, ‘यंदा एकाला त्याचा माणूस परत देऊन टाकतो.’”

जावई माडीवर नकाशांच्या ढिगात भेटला. तिथून खाली यायला चौदा पायऱ्या, भाऊजींनी गुडघ्यांच्या हिशेबाने मोजल्या होत्या.

“साडेचारला त्यांचा आवाज ऐकलात?” वहिनींनी विचारलं.

त्याने पट्टी बाजूला ठेवली. “आवाज नाही. फोन वाजला आणि थांबला. वाटलं, उचलला. सव्वातीनलाही तसंच. ती इतकी रडत होती, म्हणून म्हटलं, बोलताना ऐकलं. तिला बरं वाटेल म्हणून हो!”

“किती वेळ वाजला?”

“लक्षच नव्हतं.”

जिना उतरताना भाऊजी कुजबुजले, “वहिनी, हाच. एक खोटं पकडलं की दुसरं मागून येतं.”

“भाऊजी, तुम्ही उगाच घाई करू नका.”

मास्तरांच्या घरापासून क्लब चालत चार मिनिटांवर. लांबट खोली, भिंतीवर काळवंडलेल्या ढाली, एक मोठं टेबल. फोन बाहेरच्या बोळात, त्याच्याशेजारी कपाट.

आधी पंच भेटले. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली तरी बोलताना बोट वर. “वाटणीचे नियम मी लिहिले. पाळी एकदा सुलट, एकदा उलट. चिठ्ठ्यांत पहिला मी, मग औषधवाला, मग वहीवाला, शेवटी मास्तर. उलट फेरीत मास्तर पहिला, म्हणून त्याला एका फोनला दोन नावं.”

“फोन कोण करायचं?”

“मास्तराच्या आधी ज्याची पाळी, तो. म्हणजे वहीवाला, नोंदी ठेवतो तो. एखादा हजर नसला, की वाटणी थांबवायची, झालेली रद्द, दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. आणि घरच्या माणसाला शेवटच्या फेरीआधी हात लावायचा नाही. नाहीतर जो तो आपल्या काकाला थोर ठरवील!”

“आणि पाकिटं?”

“मनात कोण होतं आणि पदरात कोण पडलं, हे शेवटी उघडून बघायचं. त्यावर हसायचं. यंदा सहाला उठलो, म्हटलं सगळे मिळून मास्तराकडे जाऊन उघडू. तोवर निरोपच आला.” त्यांचं बोट खाली आलं. “ढोलक्यासारखा माणूस यंदा कुणीच घेतला नाही. मास्तर घेईल वाटलं होतं.”

औषधवाला दुकानाच्या फळीमागे अर्धा झाला होता. “आदल्या दिवशी नवीन गोळ्या मीच दिल्या. डॉक्टरांच्या चिठ्ठीप्रमाणेच हो! तरी रोज रात्री ती चिठ्ठी काढून वाचतो.”

“वावटळ म्हणजे कोण?”

“वहीवाल्याचा थोरला भाऊ. डाव्या बाजूने सुटला की कुणाच्या बापाला सापडायचा नाही. चोविसाव्या वर्षी तापाने गेला. मास्तर त्याचा कप्तान, त्यामुळे दर वर्षी पहिल्या झटक्यात वावटळ उचलायचा. अकरा वर्षं वहीवाला शेवटच्या फेरीची वाट बघतोय. आम्ही चिडवायचो, भाऊ तुझा आणि वाटणी मास्तराची! यंदा मात्र मिळाला बिचाऱ्याला.”

वहीवाला शेवटी. न्यायालयात कारकून होता, अक्षर अजून छापल्यासारखं. त्याने नोंदवही आणि चार पाकिटं टेबलावर ठेवली. तीन बंद होती. मास्तरांचं फाडलेलं.

“निरोप आल्यावर राहवलं नाही, उघडलं,” तो म्हणाला. “कपाटाची किल्ली माझ्याकडेच असते.”

वहिनींनी नोंदवही वाचली. प्रत्येक नावापुढे शेरा. मास्तरांच्या पहिल्या दोन नावांपुढेही होता: ‘भिंत – मास्तर म्हणतो, याला गोल मारणारा अजून जन्मायचाय.’ ‘इंजिन – अनवाणी खेळायचा, मास्तरने पाहिलंय.’ पुढची चार नावं मात्र नुसती: सुतार, टाचणी, घड्याळ, कोळी.

“मास्तर थकले होते का?”

“हो. नावं सांगून ठेवायचे.”

“उद्या सकाळी सगळ्यांना इथे बोलवा,” वहिनी म्हणाल्या. त्यांचा चेहरा भाऊजींना आवडला नाही. गुन्हा सापडला की वहिनींना भूक लागते. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

सकाळी सगळे टेबलाभोवती बसले. जावयाने आत यायला नकार दिला, तो फाटकाशी उभा राहिला. वहिनींनी तीन कागद शेजारी शेजारी मांडले: मास्तरांची वही, पाकिटातली यादी, नोंदवही.

“पहिल्या फोनला मास्तर स्वतः बोलले,” त्यांनी सुरुवात केली. “त्यांनी वावटळ घेतला नाही. सकाळी तो खोडला होता, त्याप्रमाणेच. मित्रांशी चार शब्दही बोलले. दोन वाजता माणूस जिवंत होता. पण पुढची चार नावं मुकी आहेत. मास्तर नाव घेतील आणि त्या माणसाची गोष्ट सांगणार नाहीत, हे पटतं का कुणाला?”

पंचांनी बोट वर केलं नाही.

“मग ती नावं आली कुठून? घरातल्या कुणी वही वाचून सांगितली असती, तर इंजिननंतर ढोलक्या यायला हवा होता. सकाळीच घातलेलं नाव, आणि ते कुणी उचललेलंही नव्हतं. तो आला नाही. इतरांनी उचललेली वगळली, तर पुढची चार नावं पाकिटातल्या क्रमाने आली. ज्याने नावं भरली, त्याला खाडाखोड माहीत नव्हती. त्याच्यासमोर वही नव्हती, पाकीट होतं. सिस्टर, ते तुमच्या नवऱ्याला शक्य नव्हतं. बोलताना ऐकलं, हे त्यांनी तुम्हाला बरं वाटावं म्हणून सांगितलं; त्यांनी फक्त फोन वाजून थांबलेला ऐकला.”

सिस्टरने डोळे मिटले.

“पण पाकिटात सगळ्यांत वर वावटळ होता,” औषधवाला अडखळत म्हणाला. “क्रमाने घेतलं, तर तिसऱ्या नावाला...”

“बरोबर. तोच एक चार वेळा ओलांडला. पाकीट हातात असलेल्या माणसाने वावटळ मास्तरांना द्यायचा नाही, एवढं ठरवलं होतं. किल्ली ज्याच्याकडे, फोन ज्याने केला, आणि सहाव्या फेरीत मास्तरांमागून वावटळ ज्याने घेतला, तो एकच माणूस.”

वहीवाल्याने नाही म्हटलं नाही. टेबलाकडे बघतच तो बोलायला लागला.

“सव्वातीनला उचलला नाही. पुन्हा केला, तरी नाही. वाटलं, डोळा लागला असेल. आत येऊन सांगितलं असतं तर वाटणी रद्द. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून, आणि मास्तर पहिल्यांदा वावटळच म्हणाला असता. अकरा वर्षं, बाई! त्याचा एक फोटो नाही माझ्याकडे. कागदावर एकदा, एकदाच त्याचं नाव माझ्या नावाखाली यावं, एवढंच होतं. म्हटलं, उठला की सांगू त्याला, शिव्या देईल, हसेल.”

“साडेचारला पुन्हा उचलला नाही, तेव्हा?”

त्याने नोंदवही मिटली.

“तेव्हा तुम्हाला कळलं.”

“तेव्हा सांगायची भीती वाटली,” तो म्हणाला. “सव्वातीनला काय सांगितलं होतं ते सगळ्यांनी ऐकलं होतं.”

“अरे, चार मिनिटांवर घर!” पंच ओरडले. त्यांचा आवाज फाटला. “चार मिनिटं, गाढवा!”

सिस्टरने बापाची वही वहीवाल्यापुढे सरकवली. “हे बघा. त्यांनी तुमच्यासाठीच खोडला होता. सकाळीच म्हणाले, एकाला त्याचा माणूस परत देऊन टाकतो. तुम्हाला तो मिळणारच होता, काका.”

वहीवाल्याने त्या रेघेवर बोट ठेवलं आणि ते तिथून हलेना. मग तो रडायला लागला. कुणी त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही. भाऊजींना ठेवावासा वाटला, पण धीर झाला नाही.

“बाई,” सिस्टर वहिनींकडे वळली, “सव्वातीनला कुणी गेलं असतं, तर?”

“माहीत नाही. ते तेव्हा होते की नव्हते, हे आता कुणालाच कळणार नाही. ज्याला कळलं असतं, तो गेला नाही.”

“खोटंच सांगायचंत हो!”

“मला येत नाही,” वहिनी म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते. भाऊजींनी इतक्या वर्षांत ते पहिल्यांदाच पाहिलं.

सगळे बाहेर आले. फाटकाशी जावई उभा होता, रात्रभर न झोपल्यासारखा. बायकोचा चेहरा बघून दोन पावलं पुढे आला.

“काय झालं? मी नव्हतो ना? सांगितलं ना त्यांनी?”

“नाही, तू नव्हतास,” सिस्टर म्हणाली. “नावं तू सांगितली नाहीस. तुझा काही दोष नाही.”

त्याने सुटकेचा श्वास सोडला आणि तिचा हात धरायला गेला.

तिने हात मागे घेतला. “फोन पुन्हा पुन्हा वाजून थांबला. तू वरच होतास. चौदा पायऱ्या रे!”

ती त्याला ओलांडून गेली, घराच्या दिशेने नाही, दवाखान्याच्या. तिची ड्युटी दुपारची होती आणि आत्ता कुठे दहा वाजले होते.