पाठीवरचा पिवळा बाण

ती वाट इतकी लांब, की एका टोकाहून निघालेला जावई दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत आजोबा होतो. खोटं वाटत असेल तर चालून बघा! डोंगरापासून समुद्रापर्यंतची ती पायवाट मामांनी तरुणपणी पाडली आणि दगडादगडांवर पिवळे बाण काढले. आता मामांचे गुडघे रुसले होते, म्हणून रंगाचा डबा भाचीच्या हाती आला होता.

बाणांचा नियम एकच – मागच्या बाणापाशी उभं राहिलं की पुढचा दिसला पाहिजे. त्यामुळे काम दोघांचं. एकानं रंगवायचं, दुसऱ्यानं मागे उभं राहून ‘दिसतोय!’ म्हणून ओरडायचं. भाची मात्र एकटी. रंगवायची, मागे धावायची, बघायची, पुन्हा पुढे. आणि वाट सांभाळणाऱ्या मंडळानं तर बजावलंच होतं – यंदाचं धुकं उतरायच्या आत कायमचा जोडीदार मिळाला नाही, तर खिंडीतली वाट बंद.

अशात एका सकाळी तिनं वळून पाहिलं, तर ओल्या बाणाला पाठ टेकून एक तरुण निवांत बसलेला!

“अहो, उठा!”

“का? दगड तुमचा आहे?”

“दगड नाही... बाण माझा आहे. आणि आता तो तुमच्या पाठीवर आहे.”

तो ओशाळून उठला, दोन पावलं चालला... आणि मागून येणारे चार भटके त्याच्या पाठीवरचा उलटा बाण बघून मुकाट काटेरी झुडपात शिरले.

त्यांना बाहेर ओढता ओढता तो म्हणाला, “चूक माझी. आता सांगाल ते करतो.”

“इथं उभे राहा. पुढचा बाण दिसला की ओरडा.”

तो शहरातला चष्मेवाला – म्हणजे चष्मे विकणारा, सुट्टीवर आलेला.

“दिसतोय?”

“नाही!”

तिनं बाण मोठा केला. “आता?”

“अंधुक!”

बाण एवढा वाढला, की समुद्रातली जहाजं वळायला लागली म्हणतात.

“चष्म्यांचं दुकान चालवता ना? आणि एवढं दिसत नाही?”

“बाणासमोर कुणीतरी उभं आहे... नजर तिथंच अडते.”

तिनं लाजून गाल पुसला – ब्रश हातात आहे हे विसरून.

सुट्टी संपेपर्यंत खिंड पिवळी झाली. निरोपाच्या सकाळी चढणीच्या दोरांच्या वेटोळ्यांनी भरलेल्या आपल्या खोलीत मामांनी भाचीसमोरच त्याच्या हातावर हात ठेवला.

“वाट मी पाडली म्हणतात लोक. अरे, मी नुसता रंग फासला. मागच्या दगडापाशी हिची मामी उभी असायची. ‘दिसतोय’ म्हणणारं माणूस नसतं, तर मी पहिल्याच वळणावर बसकण मारली असती. तिला हे सांगायचं मात्र राहूनच गेलं बघ.”

त्याच्या अंगावर सदरा तोच होता, पहिल्या दिवशीचा. तो निघाला. भाची दारातल्या बाणापाशी उभी राहिली – तो आल्यापासून आज पहिल्यांदाच मागे. वाट उजवीकडे वळत होती, त्याच्या पाठीवरचा बाण डावीकडे. आणखी चार पावलं, की तो दिसेनासा झाला असता.

“अहो... चष्मेवाले! बाण चुकीची दिशा दाखवतोय!”

तो थांबला. “मग बरोबर कुठली?”

“...इकडची.”

तो परत आला – धावतच. तिच्या डोळ्यांत पाणी, ओठांवर हसू. “उभे राहिलात माझ्यासाठी,” ती म्हणाली, “हे सांगायचं मला राहू द्यायचं नव्हतं.”

“मग रोज सांगा. मी आता इथंच उभा असणार आहे.”

तेवढ्यात खिडकीतून मामांचा खणखणीत आवाज आला –

“दिसतंय बरं का... मला सगळं दिसतंय!”