रुमाल बांधलेला ऐन

नागपुरात सदर भागातल्या एका कॉलेजात मी एकवीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवतो. गेल्या ऑक्टोबरात दुसऱ्या वर्षाच्या चौदा मुलांना घेऊन उमरेडच्या पुढच्या जंगलात गेलो. सकाळी प्राणी-पक्ष्यांच्या नोंदी करायच्या, नंतर तिथल्या टोल्यावरच्या, म्हणजे छोट्या वस्तीवरच्या, जनाबाईंकडून औषधी झाडं समजून घ्यायची, एवढाच बेत होता. जनाबाई सत्तरीच्या. हाड मोडलं, विंचू चावला, की आजूबाजूची माणसं त्यांच्याकडे येतात.

सकाळ चांगली गेली. चितळांचा कळप दिसला, ओल्या मातीत वाघाच्या पंजाचा ठसा दिसला. जनाबाई अनवाणी पुढे चालत. पान तोडून तळहातावर चोळायच्या, मुलांना वास द्यायच्या आणि ते कशावर चालतं ते सांगायच्या. मी शास्त्रीय नावं सांगत होतो. एका जागी ऐनाची बरीच झाडं होती. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी असते आणि खोडात पाणी साठतं, हे मी मुलांना सांगितलं.

नाला ओलांडताना भैरवी नावाच्या मुलीचा पाय दगडावरून घसरला. घोटा बघता बघता सुजला. माझ्याकडच्या स्प्रेने काही झालं नाही. जनाबाईंनी तिच्या ओढणीची पट्टी फाडली, घोट्याभोवती गुंडाळली, थोडा वेळ तशीच धरली. मग पट्टी सोडवून एका ऐनाच्या खोडाला बांधली. पाला नाही, मंत्र नाही.

"ऊठ वं पोरी," त्या म्हणाल्या. "आता झाडाले दुखन."

भैरवी उठली आणि चालायला लागली. दुखतं का, असं तिच्या वर्गातल्या पियुषने तिला विचारलं. ती म्हणाली, "दुखूनच नाही राहिलं." धक्क्याने शरीर काही वेळ वेदना दाबून ठेवतं, असं मी मुलांना सांगितलं. पियुष त्या खोडाला हात लावून पटकन मागे सरकला. मीही हात लावला. झाड सावलीत होतं, तरी साल गरम होती.

मुलं पुढे गेली. जनाबाई माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या.

"सर, तुमाले कुठं दुखते?"

माझी बायको अरुंधती मार्चमध्ये गेली होती. ते मी तिथे कुणालाही सांगितलं नव्हतं. जनाबाईंनी माझ्या खिशातला रुमाल काढला, माझ्या छातीवर थोडा वेळ धरला आणि शेजारच्या ऐनाला बांधला. एक प्रयोग म्हणून मी तो बांधू दिला, असं मी स्वतःला सांगितलं.

त्या दिवशी घरी येऊन रात्रभर सलग झोपलो. सात महिन्यांत पहिल्यांदा. त्याच आठवड्यात अरुंधतीच्या साड्या कपाटातून काढून देऊन टाकल्या. माझी मुलगी गार्गी पुण्याला असते. ते कळल्यावर ती फोनवर खूप रडली. तिचं रडणं संपेपर्यंत मी सहा पेपर तपासले.

भैरवीच्या एक्स-रेत घोट्याचं हाड दोन ठिकाणी मोडलेलं निघालं. ती यावर तीन किलोमीटर चाललीच कशी, असं डॉक्टरांनी पुन्हा पुन्हा विचारलं. प्लास्टर झालं. तीन आठवड्यांनी तिच्या आईचा, प्रेमिलाताईंचा फोन आला. प्लास्टरबाहेरच्या बोटांवर उकळता चहा सांडला, फोड आले, आणि भैरवी मोबाईल बघत बसली होती. आता मांडीपर्यंत सुई टोचली तरी तिला कळत नव्हतं. नसांच्या सगळ्या तपासण्या नीट आल्या होत्या.

"सर, तिथंच घेऊन चला तिले," प्रेमिलाताई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही गाडी करून गेलो आणि टोल्यावरून जनाबाईंना बरोबर घेतलं. कच्च्या रस्त्याने गाडी ऐनांपर्यंत पोचली. भैरवीला आईने आणि मी धरून झाडाजवळ आणलं. पट्टी दिसेना. तीन आठवड्यांत साल तिच्यावर चढली होती. जनाबाईंनी आधी भैरवीला विचारलं.

"सोडलं तं दुखणं परत येईन. चालते का तुले?"

भैरवीने आईकडे पाहिलं आणि होकारार्थी मान हलवली.

जनाबाई विळ्याच्या टोकाने साल कोरू लागल्या. आतून कोमट पाणी आलं. पट्टी बाहेर निघाली.

भैरवी किंचाळली नाही. तिने आईचा खांदा घट्ट धरला, तोंड पांढरं पडलं आणि मग रडू फुटलं. "दुखून राहिलं, आई," ती म्हणाली. प्रेमिलाताई तिला पोटाशी धरून हसत होत्या. त्यांच्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्या तिला गाडीकडे घेऊन गेल्या.

शेजारच्या झाडावर माझ्या रुमालाचं एक टोक तेवढं सालीबाहेर होतं.

मी खोडाला कान लावला.

आत कुणीतरी श्वास घेत होतं. मी घड्याळ लावून मोजला. मिनिटाला बत्तीस. आयसीयूतल्या शेवटच्या दिवशी अरुंधतीचा तेवढाच होता.

मग आतून हळू आवाजात हाक आली.

"अहो."

आवाज तिचाच होता. मला काही वाटलं नाही. वाटायला हवं होतं, हे कळत होतं.

जनाबाई विळा घेऊन उभ्या होत्या.

"सोडू का, सर?"

"राहू द्या," मी म्हणालो.

वहीत वेळ लिहिली. दोन वाजून दहा मिनिटं. गाडीकडे चालत येईपर्यंत हाक आणखी दोनदा आली. त्याही लिहून ठेवल्या.