दुछात्याची निकाली कुस्ती

काम तसं रोजचंच होतं. पार्सल फोडायचं, आतली फिगर, म्हणजे सिनेमातल्या पात्राचा बाहुला, कॅमेऱ्यासमोर फिरवायची, रंग कसा, सांधे कसे, घ्यावी की नको ते सांगायचं. कळंब्यात माझ्या घराच्या वरच्या खोलीत मी हेच करतो. चाळिशीतला बाप्या बाहुल्या खेळतो म्हणून हसणारे भावकीत कमी नाहीत, पण त्यांच्या नाकावर टिच्चून माझं चॅनल चालतं.

त्या दिवशीची फिगर होती दुछात्या. एका ॲनिमेशनपटातला खलनायक पैलवान. तुम्ही पाहिला नसेल म्हणून सांगतो, याला पाठच नाही. पुढे छाती, मागेही छाती. कुस्तीत पाठ मातीला लागली की माणूस हरला. ज्याला पाठच नाही त्याला हरवणार कसा? सिनेमात पोरं यावर खदखदून हसतात. फूटभर उंचीचा ऐवज, पण काम अप्रतिम. बोटाबोटाला सांधा आणि कपाळावर घामाचे थेंबसुद्धा रंगवलेले. मी जाम खूश होतो.

आता पैलवानाची फिगर, आणि रिव्ह्यू कोल्हापुरात. मग शेजारी खरा पैलवान नको? खाली भाड्यानं राहणारा बसवेश होताच. गडहिंग्लजकडचा, आई मल्लव्वा आणि तो, दोघंच. त्याच्या कुस्तीच्या इनामांवर ते घर चालायचं. जीव लावणारा पोरगा, मला दादा म्हणायचा. मी त्याला म्हटलं, येताना तालमीतली थोडी माती आण, परातीत घालून त्यात याला उभा करू.

त्यानं आणली. वस्तादांना न विचारता, पिशवीत भरून. तेल, ताक, हळद, लिंबू पिऊन मुरलेली लाल माती. शूटिंगसाठी खिडक्यांना काळं कापड लावलेलं, दिव्याचा उजेड तेवढा परातीवर. भर दुपारी त्या कोंदट खोलीत तालमीचा ओला, आंबूस वास भरून राहिला.

"जरा हातात घेऊन दाखव त्याला," मी कॅमेरा चालू करून म्हणालो.

"असा कसा घिऊ, दादा? मातीत हुबा हाय की त्यो. आदी सलामी द्याय लागती."

"मग दे की."

त्यानं परातीतली माती कपाळाला लावली, चिमूटभर त्या बाहुल्याच्या खांद्यावर सोडली आणि त्याच्या इवल्या पंजाला बोट टेकवलं. चेष्टा नव्हती ती. मातीवर समोर जो उभा त्याला सलामी, हे त्याच्या हाडात होतं.

"कुस्ती वेळेची का निकाली?" मी विचारलं.

"निकाली," तो हसला. "एक चीत झाल्याबिगर सुटी न्हाय."

मी रिव्ह्यू सुरू केला. मान दोन्हीकडे फिरते, गुडघे पक्के आहेत, रंग कुठे ओघळलेला नाही...

"दादा..."

"थांब, आवाज मध्ये येतोय."

"दादा... बोट सोडंना त्यो."

मी वर पाहिलं. तो प्लास्टिकचा पंजा बसवेशच्या बोटाभोवती मिटला होता. मी काही बोलायच्या आत ओलं लाकूड मोडावं तसा आवाज झाला आणि बोट मागच्या बाजूला लोळलं. बसवेश ओरडला नाही. पैलवान डाव खेळताना ओरडत नाही. त्यानं दात आवळले आणि दुसऱ्या हातानं बाहुल्याला फरशीवर आपटलं. एकदा, दोनदा. बाहुला छातीवरच पडत होता, कसाही आपटला तरी छातीवरच.

मग त्या फूटभर वस्तूनं नव्वद किलोच्या गड्याला ओढलं. परात उलटली, दिवा कलंडला. बसवेशचा उजवा हात पाठीमागे वर, वर जात राहिला, आणि खांद्यातून निखळला. मी कॅमेऱ्याची तिवई उचलून त्या बाहुल्यावर जीव खाऊन घातली. तिवईचा पाय वाकला. बाहुल्याला ओरखडाही उठला नाही. आता डावं कोपर उलटं होत होतं. हाड कातडी फाडून बाहेर आलं, त्याचं रक्त माझ्या तोंडावर उडालं. मी देवाचं नाव घेत होतो की शिव्या देत होतो, मला सांगता येणार नाही. पोरगा माझ्या डोळ्यांसमोर मरत होता.

बाहुला आता त्याच्या गळ्याशी सरकला.

"चीत... चीत कर मला," बसवेश घोगरा बोलला.

मी त्याला खांद्यांनी धरून उताणा पाडला. पाठ टेकली, तरी काही सुटेना. त्याचे डोळे पांढरे व्हायला लागले. तेव्हा ध्यानात आलं, खाली फरशी होती. सलामी मातीत झालेली, पाठही मातीलाच लागायला हवी. सांडलेली माती मी ओंजळींनी त्याच्याखाली लोटली. पण जन्मभराची सवय, शुद्ध हरपत असतानाही त्याचं अंग पूल करायला लागलं. टाळू आणि टाचांवर कमान, पाठ अधांतरी. मी त्याच्या छातीवर चढलो, गुडघे रोवले. बरगडी मोडल्याचं मला गुडघ्याखाली कळलं. तरी दाबत राहिलो. अखेर दोन्ही खांदे मातीला लागले.

गळ्यावरची पकड सुटली. बाहुला घरंगळून बाजूला पडला, साधं खेळणं. बसवेशनं खरखरत श्वास घेतला आणि मला रडू फुटलं. तेवढ्यात कुणीतरी माझं मनगट धरून हात उंच केला, मैदानात पंच जिंकलेल्याचा करतो तसा. मला वाटलं, बसवेशच आधाराला धरतोय.

दवाखान्यात मी, बसवेश माळ्यावरून पडला म्हणून सांगितलं. मल्लव्वांनी माझे पाय धरले. "तुम्ही हुता म्हणून माजं लेकरू वाचलं," म्हणाल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पैलवानकी संपली होती, पण पोरगा जिवंत होता.

त्या चहा आणायला बाहेर गेल्यावर बसवेशनं डोळे उघडले. दोन्ही हात प्लॅस्टरमध्ये.

"दादा, त्यो कोण हुता?"

"कोण रे?"

"तुझा हात वर केल्याला."

मी त्याच्या प्लॅस्टरकडे पाहिलं. हे हात माझं मनगट धरूच शकले नसते.

"तोंड न्हाय दिसलं मला," तो हळू म्हणाला. "पर तुला दिसत हुतं. तू त्याच्याकडं बघून हसत हुतास. वाकून त्याच्या पाया पडलास. त्यो म्हणला, जिकलास, आता माज्यासंगं खेळाय चल... आणि तू म्हणलास, येतो."

यातलं मला काहीही आठवत नाही.

"कधी येतो म्हणालो?" मी विचारलं.

बसवेशनं मान भिंतीकडे वळवली.

"सांगितलंस की त्याला," तो म्हणाला. "कानात सांगितलंस. मला न्हाय आयकू आलं."