रिकामा कंस

जितेंद्रची वही टाइप करायला घेतली तेव्हा तीन दिवसांत संपवीन असं वाटलं होतं. आठव्या दिवशी माझं डोकं पार फिरलं होतं.

सूत्रं लिहायच्या प्रोग्रॅममध्ये आधी सांगाडा घ्यायचा असतो. अपूर्णांकाची रेघ, वर्गमूळ, कंस. मग आतले रिकामे चौकोन भरायचे. आतला मजकूर वाढला की कंस आपोआप उंच होतो. जळगावात बारा वर्षं मी हेच करतेय.

जितेंद्र शिंदखेड्याचा. गेल्या वर्षी वारला. त्याची सिद्धता शेवटच्या ओळीत अडली होती. कंस उघडलेला, बंद केलेला, आत काही नाही. त्याचे वडील भाईदास आबा म्हणाले होते, "ताई, वहीत जसं शे तसं बठ्ठं, एकूणएक छापा. वर्षश्राद्धाला पुस्तक पाहिजे."

तो रिकामा कंस रोज वाढत होता. सोमवारी दोन ओळी, गुरुवारी अर्धं पान. प्रोग्रॅम पुन्हा टाकला, कॉम्प्युटर बदलला. काडीचा फरक नाही.

शुक्रवारी दुपारी वैतागून कर्सर कंसात ठेवला आणि उजवा बाण दाबला. रिकाम्या कंसातून एका दाबात बाहेर यायला हवं. एकेचाळीस वेळा दाबावं लागलं. कर्सर मध्येच वर चढायचा, खाली उतरायचा, अपूर्णांकातून जातो तसा. स्क्रीनवर नुसतं पांढरं होतं.

मला भीती वाटायला हवी होती. राग आला. चारला फाइल छपाईला जायची होती. मी बॅकस्पेस दाबून धरली. कंस उतरत उतरत एका ओळीचा झाला. सुटले एकदाची!

तेवढ्यात आबा आले. स्क्रीनकडे बघत दारातच थांबले.

"कंस मोठा होत होता ना?"

"हो. पुसला आत्ताच."

आबा स्टुलावर बसले. "धुळ्याच्या टायपिंगवाल्यानंही हेच केलं. म्हणून तुमच्याकडे आणलं. वाटलं, इथं जितूला पुरं करू देतील."

मी घाईने अन्डू दाबलं. कंसच गेला. मग वरची ओळ.

हात उचलला. ओळी जातच होत्या.

कीबोर्डची वायर ओढून काढली.

"तो लिखे अन् कोणी मधी हात घाले," आबा हळूच म्हणाले, "तर रागे बठ्ठं पुसी टाके."

शहाण्णव पानं गेली. पहिल्या पानावर नाव उरलं.

"नाव तरी राहू दे रे, जितू."

कर्सर थांबला. लुकलुकला.

मग आडनावाचं शेवटचं अक्षर गेलं. मग त्याच्या आधीचं.