पाठीवरची विभूती

"मॅडम, मी फक्त भिंतीतलं सॉकेट बदललं. मशीनला हात नाही लावला," यल्लाप्पा म्हणाला. "दुकानदारानं माझं नाव घेतलंय. उद्या मला आत टाकतील."

खासगी तपास करणाऱ्या भार्गवीने त्या वायरमनचे बोलणे ऐकून घेतले आणि सहकारी क्षितिजला उठण्याची खूण केली.

यल्लाप्पाने सॉकेट बदललेल्या जयनगरातल्या घरात वॉशिंग मशीन अजून ओलसर कोपऱ्यात उभे होते. त्याच्याच विजेच्या धक्क्याने मुकुल गेला होता.

"दुकानातल्या यंत्रांची आयुधपूजा झाली, त्याच्या दुसऱ्या दिवशी आणलं," त्याची पत्नी नीला म्हणाली. "जुनंच घेऊ या, असं मीच म्हटलं."

मशीनच्या पाठीवर विभूतीचे तीन आडवे पट्टे होते, पत्र्याच्या स्क्रूंवरून गेलेले. पत्रा पोलीस उद्या उघडणार होते.

जुन्या वस्तूंचा दुकानदार महांतेश मात्र निश्चिंत होता.

"आलं तेव्हा हे मशीन दुकानाची वीज घालवायचं. ते वीज जाणं मी बंद केलं. पूजेला विभूतीसुद्धा मीच लावली."

"पाठीवर?" क्षितिजने विचारले.

"पुढं लावली तर गिऱ्हाईकाला डाग वाटतो की! बिलावर 'गॅरंटी नाही' लिहिलंय. आतली अर्थिंगची वायर त्या यल्लाप्पानंच कापली, दुसरं कोण?"

"यल्लाप्पाचं कठीण दिसतंय, ताई," बाहेर येताच क्षितिज पुटपुटला.

दुसऱ्या दिवशी नीलाच्या घरी पोलिसांसमोर, महांतेश आणि यल्लाप्पाच्या देखत, भार्गवीने मशीनच्या पाठीवर बोट ठेवले.

"स्क्रूंच्या खाचांत विभूती वाळली आहे, एक कणही निखळलेला नाही. म्हणजे पूजेनंतर, मशीन या घरात आल्यावरही, हा पत्रा कुणीच उघडला नाही. मग महांतेश अण्णा, आत वायर कापलेली आहे, हे तुम्हाला कालच कसं कळलं?"

हवालदाराने पत्रा काढला. वायरचे टोक कापून वर नीट टेप गुंडाळली होती.

"मशीनचा गळका करंट अर्थिंगच्या वायरीतून जमिनीत जाई, म्हणून दुकानाची वीज जायची," भार्गवी म्हणाली. "तुम्ही ती वाटच तोडलीत. करंट पत्र्यात राहिला, आणि मुकुलच्या ओल्या हाताची वाट पाहत राहिला."

"जुना माल आहे, मॅडम. मी सांगूनच विकला."

"जुना आहे हे सांगितलंत, जीवघेणा केला हे नाही. विकणं हा तुमचा धंदा आहे. बिलावरच्या एका ओळीनं ही जबाबदारी टळत नाही."

यल्लाप्पाने डोळे मिटले. नीलाला हुंदका फुटला.

"अशी आणखी किती मशीनं विकलीत?" भार्गवीने हळूच विचारले.

महांतेशने बोटांवर मोजले. "सहा."

यल्लाप्पाने आपली हत्यारांची पिशवी खांद्याला अडकवली. "पत्ते द्या, अण्णा. स्वल्प, जरा लवकर."

क्षितिजने महांतेशने दिलेला पहिला नंबर लावला. पलीकडे एका बाईने फोन उचलला; मागे मशीन फिरत असल्याचा आवाज येत होता.

"ताई," तो म्हणाला, "मशीनला हात लावू नका. आधी भिंतीवरचं बटण बंद करा."